बाकी भोपळा

कर्वेनगर, पुणे
१७ जानेवारी २०१९

दिगंबरराव,

मी कुसुम लवाटे. ओळख लागत नसेल तर पौड फाट्याजवळचा तो तळघरातला स्टुडिओ आठवा. पंखा लावला की रेकॉर्डिंगमध्ये घरघर यायची म्हणून आपण सगळे घामाघूम होऊन बसायचो. तुम्ही काचेच्या आत माइकसमोर, मी काचेच्या बाहेर लाल पेन घेऊन. एकोणीस वर्षं झाली त्याला. तुमचा पत्ता मिळवायला चार ठिकाणी विचारलं, आणि वाघोली असं ऐकल्यावर म्हटलं, आता टपालच बरं. कर्वेनगरातून वाघोलीला जायचं म्हणजे परगावी जाण्यासारखंच आहे.

लिहायचं कारण असं. परवा संक्रांतीला माझ्या भाचीची मुलगी सृष्टी तिळगूळ घेऊन आली होती. ती येरवड्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. जेवताना मोबाइलमध्ये बघून एकटीच हसत होती. म्हटलं, आम्हालाही हसव की जरा. तिने मोबाइल माझ्यासमोर धरला, आणि बघते तर आपला सरदार. 'बुरुजावरचा सरदार', ती जपानी मालिका, आपण मराठीत केलेली. रविवारी सकाळी दहाला लागायची. घोड्यावर बसलाय, मिशा पडलेल्या, समोर शत्रूचं दहा हजारांचं सैन्य. शेजारचा निरोप्या थरथरत विचारतो, 'महाराज, आता आपलं कसं होणार?' आणि सरदार, म्हणजे तुम्ही, विहिरीतून आल्यासारख्या आवाजात म्हणता, 'आपण आपलं बघू. बाकी भोपळा.'

आमटीची वाटी माझ्या हातात तशीच राहिली.

याला मीम म्हणतात म्हणे. वाक्य उचलायचं आणि सापडेल तिथे चिकटवायचं. पगारवाढ झाली नाही, सरदार. रस्त्यात खड्डा, सरदार. सृष्टीच्या ऑफिसात तर एवढंही म्हणत नाहीत, नुसतं 'बाभो' म्हणतात आणि मीटिंग संपवतात. काल डेक्कनला एका रिक्षाच्या मागे मी स्वतः वाचलं. सिग्नल सुटला तरी स्कूटरवर वाचत उभी होते, मागच्याने हॉर्न वाजवून हैराण केलं.

मी म्हटलं, अगं, हे माझं वाक्य आहे. तर सृष्टी काय म्हणाली ऐका. 'आजी, ते ओरिजिनल नाहीये गं. कुणीतरी टाइमपास म्हणून फेक डबिंग केलंय. एवढा सीरियस माणूस भोपळा कशाला म्हणेल?' माझं डोकंच फिरलं. फेक म्हणे. त्या जपानी नटाचे ओठ त्या वाक्यात सहा वेळा मिटतात. मराठी वाक्यातही सहा वेळा ओठ मिटायला हवेत, नाहीतर बघणाऱ्याला खटकतं. आपण, आपलं, बघू, बाकी, भो आणि प. मोजा. शेवटी त्याचं तोंड उघडंच राहतं, म्हणून शेवट 'आ'वर. टाइमपास करणारा माणूस ओठ मोजत बसतो का?

या वाक्यापायी चॅनेलने 'गंभीर मालिकेचं हसं केलंत' असं पत्र देऊन मला काढून टाकलं, ते तुम्हाला माहीत आहे. तेव्हापासून मी त्या भोपळ्याचं नाव काढलं नव्हतं. आणि आता अख्खा महाराष्ट्र ते म्हणतोय आणि माझ्या घरच्यांना ते खोटं वाटतंय.

२७ फेब्रुवारीला त्यांच्या कंपनीत मराठी भाषा दिनाचा कार्यक्रम आहे. तुम्ही या. स्टेजवर उभे राहा आणि एकदा ते वाक्य म्हणा. तुमचा आवाज ऐकल्यावर कुणाची शंका राहणार नाही. फोन नंबर खाली देते, लगेच करा.

कुसुम लवाटे


वाघोली
२४ जानेवारी २०१९

कुसुमताई,

पत्र मिळालं. पिनकोड चुकला होता तरी मिळालं, म्हणजे टपालखातं अजून शिल्लक आहे.

मालिका आठवते. वाक्य आठवतं असं म्हणता येणार नाही. त्या काळात मी दिवसाला शंभर वाक्यं म्हणत असे. सकाळी सरदार, दुपारी बोलणारा वाघ, संध्याकाळी टूथपेस्टच्या जाहिरातीतला दंतवैद्य.

कार्यक्रमाला येणं जमणार नाही. कारण विचारू नये. फोनही करू नये, मी फोनवर बोलत नाही.

वाक्याबद्दल तुमचं अभिनंदन.

दिगंबर आगटे

ता. क. मिशा पडलेल्या नव्हत्या. झुपकेदार होत्या.


कर्वेनगर
२९ जानेवारी २०१९

दिगंबरराव,

वाक्य आठवत नाही आणि मिशा आठवतात होय?

तुम्ही नको म्हणालात म्हणून मी फोन केलाच. तुमच्या आमोदने घेतला. 'काकू, बाबा फोनवर येत नाहीत हो,' म्हणाला, अगदी अजिजीने. तेवढ्यात मागे कुणीतरी दोन टाळ्या वाजवल्या आणि तो घाईघाईने 'ठेवतो' म्हणाला. टाळ्या वाजवून मुलाला फोन ठेवायला लावता? एवढा तोरा कधीपासून आला? स्टुडिओत तर चहावाल्यालाही तुम्ही 'जरा आलं घालाल का' असं विचारायचात.

आता माझं ऐका. सृष्टीचा साहेब आहे तेजस म्हणून, वयाने तिच्याहून फार तर चार वर्षांनी मोठा. कार्यक्रम तोच करतोय. तिने माझं सांगितलं तर मला भेटायला घरी आला, पाया पडला, बेसनाचा लाडू खाल्ला, आणि मग एकदम नम्रपणे विचारतो, 'आजी, काही प्रूफ आहे का?' मालिकेच्या शेवटी नावं यायची, पण ती कापून टाकून तेवढा अर्धा मिनिटाचा तुकडाच फिरतोय. चॅनेल बंद पडलं. स्टुडिओच्या जागी आता दातांचा दवाखाना आहे. मी म्हटलं, प्रूफ आहे, वाघोलीला राहतं. 'मग आजोबांना घेऊन या, त्यांनी नुसतं एकदा म्हटलं तरी मानलं,' असं ठरलं आहे. मी त्याला शब्द दिला आहे. तुम्हाला न विचारता दिला, ते चुकलं असेल.

स्टुडिओ सुटल्यावर मी काय केलं माहीत आहे? मोबाइलच्या पडद्यावर येणारं मराठी लिहिलं. येरवड्यातच, अशाच एका कंपनीसाठी. 'रद्द करा' माझं. 'पुन्हा प्रयत्न करा' पण माझं. कोट्यवधी लोक रोज वाचतात, आणि त्याखाली कुणाचं नाव नसतं. ते मी मान्य केलं, कारण तिथे नाव कुणी लिहितच नाही. पण हे वाक्य वेगळं आहे. हे लोक हसून, आवडून, आपापल्या मनाने म्हणतायत. एकाहत्तराव्या वर्षी मला दुसरं काही नको आहे. हे खरं होतं आणि हे आम्ही केलं, एवढं त्या मुलांनी मानावं. त्यासाठी मला तुमचा आवाज हवा आहे. दुसरा पुरावा माझ्याकडे नाही.

नसेलच यायचं तर तसं कारण लिहा. 'विचारू नये' हे काही कारण नव्हे.

कुसुम


वाघोली
६ फेब्रुवारी २०१९

कुसुमताई,

कारण लिहितो.

२०१६ साली माझ्या घशाचं ऑपरेशन झालं. गाठ होती, स्वरयंत्रच काढावं लागलं. प्रकृती आता ठणठणीत आहे. गळ्याला एक भोक आहे, त्यातून श्वास घेतो, त्यावर रुमाल बांधतो. सोसायटीतल्या लोकांना वाटतं मला कायम सर्दी असते. घरात पाटीवर लिहितो. कुणाला हाक मारायची असेल तर टाळी वाजवतो. त्या दिवशीची टाळी आमोदला सांगण्यासाठी होती की तुम्हाला खरं सांगू नकोस. डॉक्टरांनी गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र दिलं होतं. त्यातून येणारा आवाज म्हणजे पिठाची गिरणी बोलते आहे असं वाटतं. ते मी कपाटात ठेवून दिलं. आवाजाचा माणूस होतो, नको तो आवाज लोकांना ऐकवायचा नाही.

तेव्हा तुमचा पुरावा वाघोलीला राहत नाही. तो आता फक्त मोबाइलवर राहतो.

तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा आमोदने तो तुकडा शोधून लावला. तीन वर्षांनी मी माझा आवाज ऐकला. आमोद म्हणाला, 'बाबा, चाळीस लाख लोकांनी ऐकलाय.' मी पाटीवर लिहिलं, परत लाव. अकरा वेळा लावायला लावला. दारावर पार्सल घेऊन आलेला मुलगा ते ऐकून 'बाकी भोपळा' म्हणत हसत गेला. कुसुमताई, मला अभिमान वाटला. अगदी पोटभर वाटला. आणि तुम्हाला उत्तर मात्र असं लिहिलं, कारण दुसरी एक गोष्ट आहे, आणि ती घशाहून अवघड आहे.

सोबत एक पान जोडलं आहे. ते बघा. तुमच्या अक्षरात वाक्य आहे, 'आपण आपलं बघू. बाकी परमेश्वर.' आपले चार टेक झाले होते. ओठ मिटायचे बरोबर, पण शेवटी त्या नटाचं तोंड उघडं आणि माझं 'र'वर बंद. तुम्ही वैतागून काचेपलीकडून म्हणालात, 'सकाळपासून झालं काय? भोपळा!' मी ते ऐकलं, ओठांवर लावून बघितलं, 'परमेश्वर' खोडून पेन्सिलीने 'भोपळा' लिहिलं आणि पाचव्या टेकला म्हणून टाकलं. तुम्ही हसलात आणि पानाखाली सही केलीत. आपली पद्धतच तशी होती, बदल कुणीही करो, सही लेखिकेची.

भाग लागल्यावर चॅनेलचे साहेब स्टुडिओत आले. तुम्ही बाहेर होतात. त्यांनी आत येऊन मला विचारलं, 'हे कुणी लिहिलं?' मी म्हणालो, 'बाईंनी लिहिलं. मी फक्त वाचलं.' ते फोन करायला वर गेले. तेवढ्यात मी फाइलमधून हे पान काढून खिशात घातलं, कारण पेन्सिलीतलं अक्षर माझं होतं. पुढच्या आठवड्यात तुम्हाला पत्र गेलं. मी आणखी सोळा वर्षं काम केलं.

हे पान फेकायचं धैर्य झालं नाही आणि दाखवायचंही झालं नाही. आता तुमच्या तेजसला दाखवा. तारीख आहे, भागाचा क्रमांक आहे, तुमची सही आहे. माझ्या आवाजाची गरज उरलेली नाही. माझीही नाही.

दिगंबर


कर्वेनगर
१२ फेब्रुवारी २०१९

दिगंबरराव,

पाकीट उघडलं आणि दूध उतू गेलं तरी उठले नाही. तुमचा आवाज गेला हे वाचून रडले. सांगून टाकते, लपवण्यात काही अर्थ नाही. टाळ्यांवरून तुम्हाला टाकून बोलले, त्याची लाज वाटते. माफ करा.

पण पानाचं म्हणाल तर एक गोष्ट तुम्हालाही माहीत नाही. मी बाहेर होते म्हणजे काचेच्या बाहेर होते. संपत आठवतो ना, आपला रेकॉर्डिंगवाला? तो आतला माइक चालू ठेवूनच चहाला गेला होता, आणि हेडफोन माझ्या कानावर होते. 'बाईंनी लिहिलं. मी फक्त वाचलं.' अगदी स्पष्ट ऐकू आलं. तुमचं सगळंच स्पष्ट ऐकू यायचं.

एकोणीस वर्षं मला माहीत आहे.

मी तेव्हा बोलले नाही, कारण वाक्य चांगलं होतं आणि खाली सही माझी होती. सही केलेल्या वाक्यावरून मी मागे हटले नसते, साहेब काय, कुणीही विचारलं असतं तरी. 'बाईंनी लिहिलं' याचा मला राग आलाच नाही. ते निम्मं खरंच होतं, भोपळा माझ्याच तोंडून निघाला होता. राग आला तो 'फक्त'चा. फक्त वाचणारा माणूस पाच टेक घेत नाही हो. फक्त वाचणाऱ्याला माझ्या वैतागातला भोपळा उचलून जपानी माणसाच्या तोंडात बसवता येत नाही. तुम्ही माझ्यावर ढकललंत ते एक वेळ ठीक, घाबरलात. पण स्वतःच्या कामाला 'फक्त' म्हणालात, ते मला लागलं. आजतागायत लागलेलं आहे.

आता पुढचं. पान मी तेजसला दाखवलेलं नाही. एकटं पान दाखवणार नाही. त्यावर दोन अक्षरं आहेत, तर स्टेजवर दोन माणसं हवीत.

आवाज नाही तर नाही, ओठ आहेत ना? जन्मभर तुम्ही दुसऱ्यांच्या ओठांना आवाज दिलात. एकदा तुम्ही नुसते ओठ हलवा, आवाज मी घालते. मागे पडद्यावर सरदार, आवाज बंद करून. डबिंगच आहे की ते. आपल्याला काय नवीन आहे त्यात?

नाही म्हणायचं असेल तर यायचं आणि पाटीवर माझ्यासमोर लिहायचं.

कुसुम


(पोस्टकार्ड)
वाघोली, १८ फेब्रुवारी

कुसुमताई,

येतो. सरदाराला बायकी आवाज शोभणार नाही, पण बाकी भोपळा. गाडी आमोद चालवेल. स्टेजवर पंखा नको.

दि.


वाघोली
२ मार्च २०१९

कुसुमताई,

तुम्ही तिथे होतात, तरी लिहितो. ओठ चुकू नयेत म्हणून तुम्ही पडद्याकडे तोंड करून उभ्या होतात. मी लोकांकडे तोंड करून उभा होतो. तेव्हा अर्धा कार्यक्रम फक्त मी बघितला आहे आणि तो तुम्हाला कळायला हवा.

तेजसने आधी आपलं पान पडद्यावर मोठं करून दाखवलं. तुमचं निळं अक्षर, माझी पेन्सिल, तुमची सही, तारीख. तीनशे मुलं असतील. आधी कुजबुज झाली, मग कुणीतरी 'अरे, खरंच आहे' म्हणालं. तुमची सृष्टी तिसऱ्या रांगेत होती. ती उभी राहून आजूबाजूच्या सगळ्यांना सांगत होती, 'माझी आजी आहे ती, माझी आजी.' संक्रांतीला फेक म्हणणारी ती हीच मुलगी, हे मी नोंदवून ठेवलं आहे.

मग सरदार आला, आवाज बंद. माझ्या पायाशी ठेवलेल्या लॅपटॉपवर मला तो दिसत होता. निरोप्याचे ओठ हलले. मी गळ्यावरचा रुमाल नीट केला. भीती वाटत होती, ते कबूल करतो. मग ठरल्याप्रमाणे मी ओठ हलवले, आणि तुमचा आवाज आला नाही.

माइक चालू होता, कुसुमताई. तुमचा श्वास ऐकू येत होता. एकोणीस वर्षांनी काचेच्या आत येऊन उभं राहिल्यावर कुणाचंही तसंच झालं असतं. पण मी तर सुरू केलं होतं आणि सरदारही थांबणार नव्हता. माझे ओठ दोनदा मिटले होते, 'आपण आपलं' एवढं निःशब्द जाऊन चुकलं होतं, आणि तेवढ्यात समोरून आवाज आला. पुढच्या रांगेतून आधी, मग सगळ्या हॉलमधून. 'बघू. बाकी भोपळा.' कुणी सांगितलं नव्हतं, कुणी हात वर केला नव्हता. माझ्या ओठांकडे बघत होते आणि त्याप्रमाणे म्हणत होते. तीनशे जणांनी माझं डबिंग केलं.

मी बत्तीस वर्षं हे काम केलं. माझा आवाज एवढा मोठा कधीच नव्हता. मला किती अभिमान वाटला ते पाटीवर मावलं नसतं.

मुलांचा 'भोपळा' अर्ध्या सेकंदाने उशिरा आला, हे मात्र सांगितलं पाहिजे. आपल्या स्टुडिओत तो टेक पास झाला नसता.

पुढचं तुम्ही बघितलं आहे, तरी लिहितो, कारण ते मला कागदावर हवं आहे. तेजसने भोळेपणाने विचारलं, 'पण सर, हे लिहिलं कुणी?' तोच प्रश्न. शब्दही तेच. मी त्यांच्या त्या पांढऱ्या फळ्याकडे गेलो आणि लिहिलं, 'बाईंनी लिहिलं. मी फक्त वाचलं.' मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, म्हातारा विनय दाखवतोय. मला ते वाक्य या वेळी तुमच्या तोंडावर आणि चारचौघांत म्हणायचं होतं, श्रेय तुम्हाला द्यायचं म्हणून.

तुम्ही फळ्यापाशी आलात. माझ्या हातातलं पेन घेतलंत, चष्मा वर केलात, जशा स्टुडिओत करायचात, आणि 'फक्त'वर एक रेघ मारलीत. मग खाली सही केलीत आणि पेन माझ्या हातात परत दिलंत. पद्धत मोडून, माझीही सही घ्यायला.

आमोदने त्या फळ्याचा फोटो काढून घरात लावला आहे. येणारा प्रत्येक जण विचारतो की हे काय आहे, आणि मी टाळी वाजवून आमोदला बोलावतो. तो सगळी गोष्ट सांगतो, रोज थोडी वाढवून. मी मध्ये पडत नाही.

वाघोली लांब आहे हे मान्य. तरी एक दिवस काढा आणि या. सूनबाई भोपळ्याचे घारगे करणार आहे.

दिगंबर